पोरक्यांची परतवाट

वास्कोहून दुपारी सुटणारी गोवा एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी रात्री भोपाळला पोचते. मी तिकडे गेलो तो खरे तर एक इमारत पाहायला. पणजीची आपली कला अकादमी ज्यांनी उभारली त्या चार्ल्स कोरियांनीच भोपाळचे भारत भवन बांधले, १९८२ साली. कांपालला मांडवी आहे, तिथे मोठे तळे. इमारत डोंगराच्या उतरणीत दडवलेली, आणि गच्च्या एकीखाली एक अशा तळ्याकडे उतरत जातात. ती पाहून झाली. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. आज लिहायचे आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

भारत भवनापासून जवळच, त्याच तळ्याच्या काठाने, वनविहार राष्ट्रीय उद्यान आहे. दोन दरवाजे, एक रामू गेट आणि एक चीकू गेट. जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचे हे रान १९८३ साली राष्ट्रीय उद्यान झाले. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला मोठमोठ्या कुंपणांत वाघ, बिबटे, अस्वले. मी सायकल भाड्याने घेतली. प्राणिसंग्रहालय म्हणून गेलात तर थोडी निराशा होईल, कारण इथे प्रदर्शनासाठी कोणी प्राणी पकडून आणलेला नसतो. आई मेलेली पिल्ले, फासात पाय गमावलेले बिबटे, माणसांवर हल्ले केले म्हणून धरून आणलेले वाघ असे सगळे इथे येतात. एका कुंपणापाशी उभ्या असलेल्या वनरक्षकाला मी विचारले, "दादा, यांतले परत किती जातात?" त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "साहेब, आणायला गाडी असते. न्यायला जंगल लागते."

हे वाक्य डोक्यात घेऊनच मी परतलो, आणि पुढचे काही महिने त्याच्यामागे वाचत राहिलो.

वनविहारातल्या अस्वलांचे उदाहरण घ्या. आमच्या लहानपणी म्हापशाच्या बाजारात अस्वल नाचवणारे येत. आम्ही पोरे मागून धावायचो. ते अस्वल तिथवर कसे आले, हे कोणी सांगितले नव्हते. आईला मारून पिल्लू पळवायचे, तापल्या सळईने नाकाला भोक पाडून दोरी ओवायची, सुळे तोडायचे, की झाला खेळ तयार. १९७२ च्या कायद्याने हे बंद व्हायला हवे होते. प्रत्यक्षात शेवटची अस्वले सोडवायला २००९ उजाडले. अशी काही अस्वले वनविहारात सांभाळली आहेत. त्यांना रानात सोडून काय उपयोग? सुळे नाहीत, वारूळ फोडायला शिकवणारी आई नाही. त्यांचे पोरकेपण कायमचे. मध, खिचडी, दवापाणी एवढेच माणसाच्या हाती.

आता दुसरी गोष्ट. भोपाळ ते इटारसी या लोहमार्गावर बुधनीजवळ मिडघाट नावाचा टप्पा आहे. १५ जुलै २०२४ रोजी तिथे वाघाची तीन पिल्ले गाडीखाली आली. एक जागीच गेले, दोन जखमी. आई जवळपासच होती, त्यामुळे पिल्लांपाशी जाणे अवघड. रस्ता धड नाही. शेवटी रेल्वेने एका डब्याची खास गाडी सोडली आणि त्या दोन पिल्लांना भोपाळला आणले, तिथून वनविहारात. दोन पिल्लांसाठी आगगाडी सोडली ही बातमी तेव्हा देशभर कौतुकाने छापली गेली. पिल्ले वाचली नाहीत, ही नंतरची बातमी मात्र आतल्या पानावर गेली.

हे सगळे वाचून असे वाटेल की पोरके पिल्लू परत रानात जाणे म्हणजे कथा-कादंबरीतली गोष्ट. निदान वाघाच्या बाबतीत जाणकारांचेही बराच काळ तसेच मत होते. केनियात जॉय ॲडमसनने एल्सा नावाची सिंहीण वाढवून १९५० च्या दशकात रानात सोडली, त्यावर पुस्तक झाले, चित्रपट झाला. आपल्याकडे दुधव्याच्या बिली अर्जन सिंग यांनी इंग्लंडच्या एका प्राणिसंग्रहालयातून तारा नावाची वाघीण १९७६ मध्ये आणली आणि पुढे रानात सोडली. पण सिंह कळपाचा प्राणी, त्यामुळे एल्साचे उदाहरण वाघाला लावता येत नाही. आणि तारेच्या रक्तात सैबेरियन वाघाचा अंश असल्याचे निघाले, त्यावरून वर्षानुवर्षे भांडण चालले. वनखात्याने हात पोळल्यासारखा हा विषयच बाजूला ठेवला.

तो पुन्हा हातात घ्यावा लागला पन्नामुळे.

आपल्याला पन्ना म्हटले की छत्रसाल आठवतो आणि १७२९ साली त्याच्या मदतीला धावलेला बाजीराव. त्या पन्न्याच्या रानाला १९९४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि २००९ पर्यंत तिथला एकूण एक वाघ संपला. शिकार हे मुख्य कारण. खाते बरीच वर्षे "वाघ आहेत" असेच म्हणत राहिले, अभ्यासक "नाहीत" म्हणत होते. शेवटी नाहीत हेच खरे ठरले. भोपाळच्या सरकारची यात जी अब्रू गेली ती गेलीच, पण त्यानंतर जे झाले ते वाचण्यासारखे आहे.

मार्च २००९ मध्ये दोन वाघिणी आणल्या, बांधवगडहून टी-१ आणि कान्ह्याहून टी-२. नोव्हेंबरात पेंचहून नर आणला, टी-३. आर. श्रीनिवास मूर्ती तेव्हा पन्न्याचे क्षेत्र संचालक होते. टी-३ ने सुटल्यावर थोड्याच दिवसांत पाय काढला आणि तो सरळ दक्षिणेला चालू लागला. दक्षिणेला पेंच, म्हणजे त्याचे घर. शेते, रस्ते, गावे ओलांडत तो चालला आणि त्याच्यामागे हत्ती आणि माणसे घेऊन वनखाते चालले. महिनाभराने, नाताळच्या सुमारास, दमोह जिल्ह्यात त्याला बेशुद्ध करून परत आणले. पुन्हा जाऊ नये म्हणून काय केले? भोपाळच्या वनविहारातल्या वाघिणीचे मूत्र आणून पन्न्याच्या रानात शिंपडले. वास लागला आणि गडी थांबला. जन्मभर कुंपणात राहणाऱ्या वाघिणीने एका मोकळ्या वाघाला असे रानात धरून ठेवले. १६ एप्रिल २०१० रोजी टी-१ ला पिल्ले झाली. पन्न्यात दरवर्षी त्या तारखेला वाढदिवस करतात.

पण सगळा वंश दोन माद्यांवर ठेवणे धोक्याचे होते. आणखी वाघिणी हव्या होत्या, आणि भरल्या रानातून त्या उचलायच्या म्हणजे तिथली घडी मोडायची. तेव्हा लक्ष गेले कान्ह्याच्या घोरेला नावाच्या कुंपणाकडे. तिथे दोन बहिणी वाढत होत्या. त्या अगदी लहान असताना, २००५ च्या सुमारास, त्यांची आई मेली. कान्ह्याच्या लोकांनी त्यांना पिंजऱ्यात न ठेवता रानातच मोठे कुंपण घालून त्यात वाढवले. आधी मांस दिले, मग जिवंत सावज सोडले. माणसाची गाठ जितकी कमी पडेल तितके बरे, हा नेम. लळा लावायचा नाही. पिल्लू पाहून हात पुढे होतोच, तो मागे घ्यायचा. हे काम किती कठीण असेल ते ज्याने मांजराचे पोरके पिल्लू बोळ्याने दूध पाजून वाढवले आहे त्यालाच कळेल.

मार्च २०११ मध्ये यांतली एक, टी-४, पन्न्यात सोडली. अनेकांना खात्री होती की ती उपाशी मरेल किंवा गावात शिरेल. दोन्ही झाले नाही. मूर्तींचे म्हणणे असे की टी-३ च्या सहवासात ती रानाला रुळली. वाघ वाघिणीला शिकार शिकवतो का, यावर अभ्यासक मान डोलवणार नाहीत, पण ती जगली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिला पिल्ले झाली, यात वाद नाही. त्याच नोव्हेंबरात तिची बहीण टी-५ आणली गेली. माणसाने वाढवलेल्या पोरक्या वाघिणीने रानात जाऊन संसार थाटल्याचे हे पहिले उदाहरण मानतात. टी-३, म्हणजे तो घरची वाट धरणारा, पन्न्याच्या पुढच्या बऱ्याच वाघांचा बाप झाला. आज तिथली संख्या पन्नासच्या वर आहे.

यातला एक तपशील मला विशेष आवडला. पन्न्याच्या वाघांची नावे कुळवृत्तांतासारखी ठेवली आहेत. पी-२१३ म्हणजे पन्न्यातली, टी-२ ची, पहिल्या वेतातली, तिसरी. आकडा वाचला की घराणे कळते. आपल्याकडे घराणी देवळाच्या महाजनकीच्या यादीत शोधतात, तिकडे ती गळ्यातल्या पट्ट्यावर. मे २०२१ मध्ये याच घराण्यातली पी-२१३(३२) ही वाघीण मेली आणि तिची चार पिल्ले पोरकी झाली, सहा-आठ महिन्यांची. खात्यापुढे प्रश्न पडला, उचलायची की ठेवायची? उचलली असती तर वनविहार ठरलेले होते. त्यांनी थांबून पाहिले. पी-२४३ हा नर, जो त्यांचा बाप समजला जात होता, पिल्लांच्या आसपास वावरू लागला आणि त्याने त्यांना इजा केली नाही. एरवी नर वाघ पिल्ले मारतो असे आपण वाचत आलो. इथे पिल्ले न उचलणे हाच उपाय ठरला, आणि तो निर्णय घ्यायला बारा वर्षांचा अनुभव लागला.

सगळे असेच गोड झाले असे नाही. २०१८ मध्ये बांधवगडची सुंदरी आणि कान्ह्याचा महावीर ओडिशातल्या सातकोसियाला पाठवले. तिथल्या लोकांना विश्वासात घेतलेच नव्हते. महावीर फासात अडकून मेला. सुंदरीवर दोन माणसे मारल्याचा ठपका आला, ती पिंजऱ्यात पडली आणि २०२१ मध्ये परत मध्य प्रदेशात आली, त्याच घोरेलाच्या कुंपणात. वाघीण पोरकी नव्हती, रानातच वाढलेली होती. तिला जागा देणारी माणसे नव्हती.

आता हत्तीकडे येतो. पन्न्याच्या या गोष्टीत हत्ती सारखे दिसतात, पण पाठीवर माहूत घेऊन. वत्सला नावाची एक म्हातारी हत्तीण पन्न्यात होती. मूळची केरळची, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला होशंगाबादला आणलेली, १९९३ पासून पन्न्यात. वय शंभराच्या वर असल्याचे सांगत, पण जन्माचा कागद नसल्यामुळे विक्रमाच्या पुस्तकात नाव लागले नाही. डोळे गेलेले. छावणीत एखादी हत्तीण व्यायली की वत्सला आजीसारखी पिल्लापाशी उभी राहायची. ८ जुलै २०२५ रोजी ती गेली.

रानटी हत्ती मात्र मध्य प्रदेशातून कधीच नाहीसे झाले होते. ऐन-इ-अकबरीत हत्ती सापडण्याच्या जागा दिल्या आहेत, त्यांत माळव्यातल्या हंडिया, होशंगाबाद यांबरोबर रायसेनचे नाव आहे. रायसेन भोपाळपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर. अकबराने स्वतः १५६४ मध्ये माळव्याच्या वाटेवर नरवरच्या रानात हत्ती पकडवले. म्हणजे आज भोपाळची राजधानी जिथे आहे त्याच्या आजूबाजूला चारशे वर्षांपूर्वी कळप फिरत होते. मग शतकानुशतके काही नाही. आणि २०१८ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने चाळीसेक हत्ती चालत आले आणि बांधवगडात राहिले. कोणी आणले नाहीत, सोडले नाहीत. आपल्या पायांनी आले.

वाघाचे सगळे शिकलेले हे खाते हत्तीच्या बाबतीत नवशिके होते. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर, तीन दिवसांत, तेरा हत्तींच्या कळपातले दहा मेले. विषप्रयोगाचा संशय आला, पण तपासणीत निघाले ते कोदोच्या पिकातले बुरशीचे विष. कोदो म्हणजे आपल्याकडचा हरीक. कोकणातल्या जुन्या माणसांना विचारा, हरीक कधी कधी माजतो, खाल्ला की झिंग येते, हे ते सांगतील. आपण मूठभर खाणार, हत्ती शेतच्या शेत खातो. दहांत नऊ माद्या होत्या. हत्तीच्या कळपात वाट, पाणी, धोका हे सगळे ज्ञान म्हाताऱ्या माद्यांकडे असते. त्यामुळे मागे उरलेले तीन किती अर्थांनी पोरके झाले, हे वेगळे सांगायला नको. त्याच नोव्हेंबरात कळपापासून सुटलेले काही महिन्यांचे एक पिल्लू बांधवगडच्या लोकांना सापडले. उपचार केले. दोन-तीन दिवसांत गेले.

हत्तीचे पिल्लू वाढवणे वाघापेक्षा कठीण का? एक तर दूध. दोन वर्षे ते दुधावर असते आणि गाईचे दूध त्याला सोसत नाही. केनियातल्या डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी यावर कितीतरी वर्षे घालवली. पिल्लामागून पिल्लू मरत होते. शेवटी गाईच्या दुधातली चरबी टाळून केलेल्या, खोबरेल घातलेल्या दुधावर पिल्ले तगली. (खोबरेलाची थोरवी गोंयकाराला कोणी सांगायला नको, पण ती हत्तीपर्यंत पोचेल असे वाटले नव्हते.) दुसरी गोष्ट दुधाहून अवघड. १९७४ मध्ये त्यांनी आयशा नावाचे पिल्लू सहा महिन्यांचे केले. मग मुलीच्या लग्नासाठी त्या थोडे दिवस बाहेर गेल्या आणि आयशाने खाणे सोडले. त्या परतल्या, आणि ती मेली. तेव्हापासून एका पिल्लाला एकच माणूस द्यायचा नाही, सांभाळणारे आळीपाळीने बदलायचे, असा नियम त्यांनी केला.

वाघाला लळा लावायचा नाही. हत्तीला लळ्याशिवाय जगवताच येत नाही, आणि लावलेला लळा पुढे एका माणसाकडून कळपाकडे वळवावा लागतो. म्हणून पोरके हत्ती एकटे सोडत नाहीत, त्यांचाच एक कळप बांधून सोडतात. श्रीलंकेत उडावलावेला १९९५ पासून हे चालते. तिथे तर दूध पाजण्यापलीकडे माणूस जवळ जात नाही. आसामात काझीरंगाजवळ २००२ मध्ये केंद्र निघाले, तिथली पिल्ले मानसच्या रानात गेली. तामिळनाडूत तेप्पक्काडूच्या छावणीतल्या रघूवरचा 'द एलिफंट व्हिस्परर्स' आपण पाहिला, २०२३ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले, डोळे पुसले. पण रघू रानात गेला नाही, छावणीचा हत्ती झाला. हे त्या जोडप्याच्या मायेला कमी लेखून सांगत नाही. फक्त परत जाणे आणि वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच.

भोपाळला शेवटच्या दिवशी भीमबेटकाला गेलो. विष्णू श्रीधर वाकणकर, नीमचला जन्मलेला मराठी माणूस, १९५७ साली आगगाडीतून जात होते. खिडकीतून त्यांना डोंगरावरचे हे खडक दिसले आणि ते उतरून बघायला गेले. तीच भोपाळ-इटारसीची लाइन. एका खडकावर शेकडो प्राणी चितारले आहेत, त्याला तिथे झू रॉक म्हणतात. त्यात हत्ती आहेत, आणि काढणाऱ्याने ते पाहून काढले आहेत, ऐकून नव्हे. भोवतालचे रातापानीचे रान डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले आणि त्याला वाकणकरांचे नाव दिले. मिडघाटची वाघीण याच रानाच्या बाजूची.

हे सगळे मी गोव्यात बसून का लिहितो आहे? जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीला म्हादईच्या अभयारण्यात चार वाघ विष घालून मारले गेले. एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले. गुरे मारली म्हणून. आपल्याकडे पोरकी पिल्ले वाढवण्याचा प्रश्न आलाच नाही, कारण आईबरोबर तीही संपली. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हटले, तर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्यांची गुरे गेली त्यांना वेळेवर पैसे मिळाले असते तर काय झाले असते, हे विचारणारे त्या गदारोळात थोडेच होते.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ओंकार आला. २००२ पासून दोडामार्गात हत्ती आहेत, कर्नाटकातून तिळारीच्या रानातून उतरलेले. त्यांतला हा कळपापासून सुटलेला तरुण नर मोपा, तांबोशे करत पेडण्यात फिरला. भात, केळी, पोफळी. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे, माझ्या एका नातलगाचे भाट त्या वाटेवर आहे, त्यामुळे तावातावाने बोलणे मी जवळून ऐकले. पकडून कुठे तरी दूर पाठवा, ही मागणी झाली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. मला वनविहारचा तो वनरक्षक आठवत होता. ओंकार पिल्लू नाही, त्याला बाटली नको, रान शिकवायला नको. तो आधीच रानात आहे. त्याला हवे आहे ते पिकाची भरपाई आठवड्यात हातात ठेवणारे कार्यालय आणि रात्री गावाला सावध करणारी चार माणसे. हे पिल्लू वाढवण्यापेक्षा खूप सोपे आहे, आणि तेवढेही आपल्याच्याने होत नव्हते.

परतीची गाडी भोपाळहून मध्यरात्रीनंतर सुटली. मिडघाट जागेपणी पाहायचा म्हणून मी खिडकीशी बसून राहिलो. बाहेर मिट्ट काळोख, काही दिसले नाही. घाटात शिरल्यावर गाडीचा वेग मंदावला आणि चालक बराच वेळ भोंगा वाजवत राहिला.